न घेतलेलं नाव

वाटूरच्या चांगुणाबाईंनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात साधं म्हणून कधी घेतलं नाही. लग्नाकार्यात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. ते होते तोवर "अहो, ऐकलं का" एवढ्यावर संसार झाला. ते गेल्यावर रेशनच्या दुकानात कुणी विचारलं, तर त्या सुनेकडे बोट दाखवून सांगत, "हिच्या सासऱ्याचं नाव लिव्हा."

नवऱ्यानं लावलेली मोसंबीची बाग ओढ्याकाठी उभी होती. सकाळी चहाच्या आधी तिथं एक फेरी मारल्याशिवाय चांगुणाबाईंना चैन पडत नसे.

एके दिवशी त्या गेल्या, तर दोन अनोळखी माणसं झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या खुणा करत होती. पलीकडच्या माळावर सौर पॅनल बसवणाऱ्या कंपनीची ती माणसं होती. विजेच्या तारांचे मनोरे बागेतून जायचे होते आणि त्यासाठी मधली रांग तोडायची होती.

"कुणाला इचारून?"

"आजी, तुम्हीच फोनवर हो म्हणालात की," एकानं मोबाइल पुढं धरला.

मोबाइलमधून चांगुणाबाई बोलू लागल्या. तोच घोगरा, जरासा नाकातला आवाज. "मी चांगुणाबाई तातेराव, राहणार वाटूर. माझ्या बागेतून लाइन न्यायला माझी संमती आहे."

चांगुणाबाई मटकन खाली बसल्या. मागून आलेल्या दैवशालेला, त्यांच्या सुनेला, वाटलं की झाडांच्या धास्तीनं बसल्या. पण त्यांच्या कानात नवऱ्याचं ते नावच घुमत होतं. त्यांच्याच आवाजात, भाजी मागावी इतक्या सहज.

"दिवाळीत ते पाव्हणे आल्ते बघा, आत्या," दैवशाला घरी आल्यावर म्हणाली. "तुमच्या ओव्या भरून घेतल्या, आवाज जपून ठिवतो म्हणले. मला तर त्यांचाच संशय येऊन राह्यला. आता थोडासा आवाज घावला तरी पुरतो. मंग मशीन त्यात पाहिजे ते बोलतं."

"माझ्या तोंडातून?"

"तुमच्या तोंडाबिगर."

गावात मात्र बोभाटा वेगळाच झाला. शेजारच्या कांताबाईंच्या रानातूनही तीच लाइन जायची होती. नळावर त्या हंडा आपटत म्हणाल्या, "आधी तू हो म्हणलीस, मंग आमचे हे बी हो म्हणले. आता न्हाई कशी म्हणतीस गं? काय दिलं त्यांनी, साडी का लिफाफा?"

आजवर चांगुणाबाईंचा शब्द म्हणजे शब्द होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत तेव्हा दैवशालेनंच तालुक्याला अर्ज नेऊन दिला.

सुनावणीला कांताबाईही आल्या, "बघू तर काय सांगती ते" म्हणून. तहसीलदार साहेबांच्या जागी एक तरुण बाई होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, आवाज तपासलाय. बरोबर जुळतोय."

"आवाज माझाच हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण बोलले मी न्हाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कांताबाई फसकन हसल्या. रेकॉर्डिंग त्या आज पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"बाई, ही चांगुणा न्हाई. हिनं नवऱ्याचं नाव घेतलं? डागदरानं इचारलं तरी घेत न्हाई. अन् ह्या टोळभैरवांला फोनवर सांगल? लगीन लावलं काय त्यांचं हिनं, उखाणा घ्यायला?" मग त्यांनी हळूच चांगुणाबाईंचा हात धरला. "चुकलं गं माझं. बिलकुल चुकलं."

मॅडमही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "बाई समोर उभी आहे," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या. "तिचा आवाज तिचाच आहे. तिला विचारायचं सोडून तिच्या आवाजाला काय विचारता? चौकशी होईपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही." मग चांगुणाबाईंकडे वळल्या. "आजी, तुमचा जबाब मात्र लागेल. पूर्ण नाव, गाव आणि हरकत, तुमच्या तोंडून."

चांगुणाबाईंनी सवयीनं दैवशालेकडे पाहिलं. दैवशाला सांगायला पुढं झाली, पण त्यांनी तिला थांबवलं. पदर डोक्यावरून नीट घेतला, खाली मान घातली आणि म्हणाल्या,

"मोसंबीला केलं आळं, वाटूर माझं गाव,
हो म्हणले न्हाई मी, घेते तातेरावांचं नाव."

कारकुनानं लिहू का म्हणून मॅडमकडे पाहिलं. "जसंच्या तसं लिहा," मॅडम म्हणाल्या. खाली चांगुणाबाईंनी सही केली.

संध्याकाळी दैवशालेनं विचारलं, "आत्या, अर्जासाठी आपल्या मोबाइलमधी घेतलेला तो आवाज काढून टाकू?"

"चौकशीला लागंल, राहू दे. पण मला ऐकवू नको. मला जे जन्मभर जमलं न्हाई, ते त्याला लई सोपं जातं."

मग त्या ओला फडका घेऊन बागेत गेल्या. पहिल्या झाडाच्या बुंध्यावरचा चुना पुसता पुसता हलकेच म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? राह्यली बरं झाडं."