सॅटेलाइट हलत नाही

बाबांनी उभं आयुष्य उल्हासनगर कॅम्प चारच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या बसवण्यात घालवलं. सिग्नल मोजायचा मीटर जवळ असायचा, पण भरवसा स्वतःच्या हातावर. "सॅटेलाइट हलत नाही," ते म्हणायचे. "ठेवलंय तिथंच असतं. चित्र आलं नाही तर चुकला तो आपला हात."

आई गेल्यावर ते माझ्याकडे बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहायला आले. तरी जवळच सोनिवलीत राहायला आलेल्या एकदोन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस शिडी चढायचा. एकदा तिथल्या गच्चीवर चक्कर आली, टाकीला धरून बसले. मी कडाकडा भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सुमारास आमच्या टीव्हीवर खाली इंग्रजीत पट्टी फिरू लागली: या सॅटेलाइटची सेवा संपतेय, चॅनेल दुसरीकडे जातील. सॅटेलाइटचंही वय होतं, हे मी मोबाइलवर वाचलं. पंधराएक वर्षांत इंधन संपत येतं. मग उरल्यासुरल्या इंधनावर त्याला आणखी वर, इतरांच्या वाटेबाहेर ढकलतात आणि बंद करून टाकतात. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मी मुद्दाम गप्प बसले.

एका रविवारी सकाळी चित्र गेलं. बाबा पाना घेऊन गच्चीवर. चार दिवस ते आमची छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले आणि मी खालून ओरडत राहिले, "नाही आलं, बाबा." हात थोडे कापायचेच त्यांचे. चौथ्या दिवशी खाली येऊन त्यांनी विचारलं, "मोबाइलवर बघ गं जरा, सॅटेलाइटलाच काय झालंय का?"

"काही नाही झालेलं," मी म्हटलं.

त्यांनी साबणाने हात धुतले. "मग हातच गेला माझा," म्हणाले, आणि पाना वॉचमनला देऊन आले.

शिडी सुटली, मी सुटले एकदाची, असंच वाटलं मला. आता खोटं कशाला बोलू? पण नंतर ते दाढीसुद्धा न्हाव्याकडून करून घेऊ लागले. चहा अर्धाच कप मागायचे, सांडेल म्हणून. दिवाळीत भाऊ आला, त्याचं तान्हं बाळ मी बाबांच्या मांडीवर ठेवायला गेले, तर ते मागे सरकले. "नको, सुटेल माझ्या हातातून."

तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, ती पट्टी, बंद झालेलं सॅटेलाइट, माझं खोटं. सांगताना रडले. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, कळतं मला," ते म्हणाले. "बाळाला तू घे."