यादीतून गाळलेलं घर

माझी धाकटी बहीण नाताळची गाणी म्हणणाऱ्यांना दारी येऊ देत नाही, असं आमच्या मंडळीत अजून सांगितलं जातं. ते खोटं आहे. ती थाप मी मारली होती, आणि नऊ वर्षं ती खरी असल्यासारखा मी वागलो.

बेंगळुरूत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची घरं चाळीसच्या आत. बहुतेक जण माझ्यासारखे नगर जिल्ह्यातून सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेले. स्वतःचं चर्च नाही. कन्नड मंडळीची उपासना आटोपली की दुपारी त्यांच्याच बाकांवर आम्ही बसतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी यादी वाचली जाते: गाणारे कोणत्या दिवशी कोणाच्या घरी जाणार. ज्याचं नाव येतं तो त्या दिवशी बाहेरचा दिवा लावून, करंज्यांचा डबा भरून वाट पाहतो. ज्याचं येत नाही, त्याच्याबद्दल कोणी मोठ्याने विचारत नाही. गेल्या वर्षापर्यंत, एकवीस वर्षं, ती यादी सेक्रेटरी म्हणून मी वाचली.

बहिणीच्या मुलीने चामराजपेटमधल्या एका हिंदू घरात लग्न केलं. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं मराठी घर, निम्मं बोलणं कन्नड. बहीण विधवा, मुलगी एकुलती एक, म्हणून तीही त्यांच्या तळमजल्यावर राहायला गेली. रविवार तिने एकही चुकवला नव्हता. पण लग्नानंतरच्या एका फोटोत तिच्या हातात आरतीचं ताट होतं. तो फोटो पाहून मंडळीतले एक गृहस्थ मला आवारात गाठून म्हणाले, "काय सेक्रेटरीसाहेब, शिस्त सगळी दुसऱ्यांसाठी वाटतं?"

एवढंच. एवढ्याने मी घाबरलो. पुढचा रविवार डिसेंबरचा पहिला होता; यादी वाचताना मी तिचं नाव गाळलं. ती तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर ती उपासनेला आली नाही. लोक विचारू लागले तेव्हा मी म्हणालो, "तिनेच कळवलंय, येऊ नका म्हणून. तिकडे चालत नाही." लोकांना ते लगेच पटलं. इतक्या लगेच पटलं, याचाही मला आज राग येतो.

बायको घरी म्हणाली, "अहो, ती दिवा लावून बसली असेल." मी ताटावरून उठलो. तिने पुन्हा विषय काढला नाही. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी ती आमच्या येलहंक्याहून दोन बस बदलून सिटी मार्केटला शेवंती आणायला जायची आणि चार-पाच तासांनी यायची. चार फुलांसाठी एवढा वेळ, म्हणून मी दरवर्षी कटकट करायचो.

या फेब्रुवारीत बायको गेली. आम्हाला मूलबाळ नाही. डिसेंबरचा पहिला रविवार आला, तरुण पाळकांनी यादी वाचली, आणि तिच्यात माझं घर नव्हतं.

उपासना संपल्यावर मी त्यांना दारातच अडवलं.

"काका, यंदा तुमच्या घरी दुःख आहे," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

"मला विचारलंत?"

"अहो, सगळ्यांचंच तसं मत पडलं."

"मी विचारतोय, मला विचारलंत का?"

लोक वळून बघायला लागले. पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, प्रभू कोणाला एकटं सोडत नाही."

"तो नाही सोडत हो! तुम्ही सोडता!"

घरी आलो. प्रार्थनेला बसलो, तर तोंडातून तक्रारीच बाहेर पडायला लागल्या: माझं घर गाळलं, मला विचारलं नाही, वर मायेचं कारण सांगितलं. आणि मध्येच मी थांबलो. हे सगळं बोलण्याचा हक्क दुसऱ्याच कोणाचा होता. लहानपणापासून नाताळच्या नाटकात उतारशाळेचा मालक प्रभूच्या आईवडिलांना 'जागा नाही' म्हणायचा तेव्हा आम्ही त्याला हसायचो. त्याची उतारशाळा निदान खरंच भरलेली होती.

नाताळच्या आदल्या दिवशी मी चामराजपेटला गेलो. दुपारचा एक वाजला होता, लख्ख ऊन होतं, आणि तिच्या दारावरचा दिवा जळत होता. दिवसाढवळ्या वीज जाळतात, असं सवयीने मनात आलं. मग कळलं, तो कशासाठी लावलाय. बेल वाजवायचा धीर झाला नाही. फाटकाबाहेर उभा राहून गाणं सुरू केलं. आयुष्यभर मी खालच्या सुरातली साथ केलेली. मूळ चाल मला एकट्याला येतच नाही.

वरच्या गॅलरीतून तिच्या विहीणबाई वाकल्या. "कोण अण्णा तुम्ही? स्वल्प थांबा. अक्का, कोणीतरी गाणं म्हणतंय बघा! बरं नसेल त्यांना!"

बहीण बाहेर आली. केस पूर्ण पांढरे झालेत. फाटक तिने उघडलं नाही.

"वहिनी सूर धरायची," ती म्हणाली. "तू काय हे घुमतोयस?"

"ती इथे यायची?"

"दरवर्षी. इथेच उभी राहून एकटी म्हणायची. तुला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. तू चिडशील म्हणून." तिचा आवाज चढला. "नऊ वर्षं, दादा! मी कधी म्हटलं रे, येऊ नका म्हणून?"

"नाही म्हटलंस. मी खोटं सांगितलं."

"ते मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे. ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग."

मी मान हलवली.  मग तिने फाटक उघडलं. आत तिने मला जेवायला वाढलं, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझ्या बायकोचं नाव घेतलं. माझं घेतलं नाही. तरीही त्या टेबलाशी, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, पाळकांनी खांद्यावर हात ठेवून मला जे सांगितलं होतं ते खरं वाटलं. प्रभू आला होता. मी यादीतून गाळलेल्या घरी तो नऊ वर्षं येत होता, माझ्याच बायकोबरोबर.

नाताळच्या उपासनेत मी साक्ष द्यायला, सगळ्यांसमोर कबूल करायला, उभा राहिलो. दोन वाक्यं झाली नाहीत तोच पाळक म्हणाले, "काका, सणाचा दिवस आहे, मुलांचा कार्यक्रम बाकी आहे." मागून कोणीतरी कुजबुजलं, "वहिनी गेल्यापासून असंच करतात." मी उभाच राहिलो, आणि बाजाची पेटी सुरू झाली.

म्हणून हे लिहून काढलं आहे. याच्या प्रती मी स्वतः घरोघर पोचवणार आहे, यादीच्या क्रमाने. पहिली बहिणीच्या घरी. त्या दिवशी निघताना तिने बायकोचा मागच्या वर्षी तिथेच राहिलेला डबा माझ्या हातात दिला होता, अनारसे भरून. तो तिच्याकडे रिकामा न्यायचा नाही, आणि करंज्या मला येत नाहीत. शिकतो आहे.