पंप नंबर एकचा लाल टॅग

आमचे खासदारसाहेब सात वेळा निवडून आले आणि सातही वेळा संसदेत आरमारासाठी भांडले. खोटं कशाला बोलू, मी ज्या जहाजाच्या इंजिन रूमचा चीफ होतो, ते त्यांच्याच रेट्यामुळे बांधलं गेलं. तरी अकरा वर्षं मी त्यांच्यावर डूख धरून होतो. सूड हा शब्द फौजी माणसाला शोभत नाही म्हणतात. मला शोभतो.

अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी ०९०० वाजता साहेब जहाज पाहायला आले. इंजिन रूममधला फायर पंप नंबर एक, म्हणजे आगीवर पाणी मारायचा पंप, बिघडून बंद होता. बिघडलेल्या यंत्रावर आम्ही लाल टॅग बांधतो: 'चालवू नये'. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, असा नियम. हा मी बांधलेला.

"फोटोत ते लाल काय लोंबतंय? काढा हो," साहेब म्हणाले.

मी काढून खिशात घातला. फोटो झाला, साहेब उतरले, १०३० ला आम्ही समुद्रात निघालो. टॅग खिशातच राहिला.

१४२० ला घोषणा झाली: "फायर, फायर, फायर! इंजिन रूम!" खाली ड्युटीवर लीडिंग मेकॅनिक सिद्धार्थ कांबळे होता, आंबिवलीचा. रजेवर जाताना माझ्या कोपरीच्या घरी खुशाली सांगून मगच पुढे जायचा.

"चीफ, एक नंबर लावलाय. पाणी येत नाहीये!" तो खालून फोनवर ओरडला.

"दोन नंबर लाव!"

"जातो."

दोन नंबर आगीच्या पलीकडे होता. पाणी आलं, जहाज वाचलं. सिद्धार्थ बाहेर आला नाही.

चौकशीत टॅगबद्दल कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

गेल्या महिन्यात कल्याणला साहेबांचा सत्कार होता. हार घालायला आम्हा निवृत्त नौसैनिकांची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्या गळ्यात टॅग घातला.

"हे काय?"

"फोटोत येत होतं ते, साहेब. त्याच दुपारी माझ्या हाताखालचा पोरगा जळाला."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. मग त्यांनी टॅग काढून माझ्या हातात ठेवला.

"काढा म्हणालो मी. पण काढलात तुम्ही, चीफ."

तिथून रिक्षाने थेट आंबिवलीला गेलो. सिद्धार्थच्या आईला सगळं सांगितलं, माझ्या खिशासकट. ती उठली. मग भिंतीवरच्या त्याच्या युनिफॉर्ममधल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली,

"तिथं बांध. येऊ दे आता फोटोत."

मी बांधला. सोडायचा हक्क माझाच आहे. सोडणार नाही.