म्हशीच्या फोटोखाली सगळ्या अक्का

माझ्या फोनमध्ये एकाही अक्काचं नाव नाही. कुणाला त्याचा त्रास होत असेल तर होऊ दे. मी जळगावात बसून लग्नकार्यातल्या मांड्यांची कामं घेते. करणाऱ्या बायका असोद्याच्या, चोपड्याच्या, शिरपूरच्या. पुरण भरलेला मांडा हातावर फिरवत फिरवत पातळ करायचा आणि न फाटता तापल्या खापरावर टाकायचा, हे कुणालाही जमत नाही. मला तर नाहीच जमत. ज्यांना जमतं त्या सगळ्या माझ्याहून मोठ्या, म्हणून सगळ्या अक्का.

आता मोठ्या बाईला तोंडावर "तुमचं नाव काय हो?" असं विचारायचं? आमच्याकडे नाही विचारत. पहिलीचा नंबर घेतला तो 'अक्का' म्हणून, दुसरीचाही 'अक्का' म्हणूनच. पुढे गाव लावावं म्हटलं, तर एकट्या असोद्यातच पाच निघाल्या. मग मी फोटो लावले. स्वतःचा फोटो काढायचा म्हटलं की या बायका पदर तोंडावर घेतात, तेव्हा दारात जे दिसलं ते टिपलं. कुणाची म्हैस, कुणाचं लिंबाचं झाड, शिरपूरच्या अक्कांचं निळं दार. फोन वाजला की निळं दार दिसायचं आणि मी म्हणायची, "बोला अक्का." इतक्या वर्षांत एक लग्न चुकलं नव्हतं.

मग माझे धाकटे दीर धुळ्याहून बदली होऊन आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. घरात कॉम्प्युटर, आणि अंगात उत्साह. "वहिनी, असा धंदा करतात का? फोन हरवला तर काय कराल? द्या इकडे, सिंक करून देतो." मी बी.कॉम. आहे, सिंक कशाशी खातात ते मला माहीत आहे. पण घरातला माणूस मदतीला आला, त्याला नाही कशी म्हणणार? दिला फोन. माझे नंबर, माझ्या लग्नांच्या तारखा, सगळं त्यांच्या टेबलावर जाऊन बसलं. तारखेची आठवण तिकडे वाजायची आणि भाऊजी मला कळवायचे, "वहिनी, परवा असोदा बरं का!" जसं काही मला माझ्याच लग्नांच्या तारखा ठाऊक नव्हत्या. पुढे पुढे म्हणायला लागले, "पुढच्या सीझनपासून बुकिंगचा फोन माझ्याकडेच ठेवू. तुम्ही नुसतं मांड्यांचं बघा."

नुसतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, घरातलाच आहे." घरातलाच आहे म्हणूनच तर जाऊ देववत नव्हतं. हा धंदा मी उभा केला होता, आणि तो हातातून जाणार होता तोही मदतीच्या नावाखाली.

अशात एका दुपारी चोपड्याहून फोन आला. हळद एक दिवस अलीकडे आली होती, म्हणजे उद्याच. गावजेवण होतं. सगळ्या बायकांना तिथल्या तिथे कळवायला हवं होतं. त्यातही शिरपूरच्या अक्का नसतील तर मुख्य खापर सांभाळणार कोण? मी फोन उघडला.

एकच अक्का! फोटो म्हशीचा, आणि त्याखाली नंबरांची ही रांग. निळं दार नाही, लिंब नाही, काही नाही. एका नावाची माणसं एकत्र करू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं असणार आणि आमच्या हुशार भाऊजींनी खुशाल 'सगळी करा' दाबलं असणार. आलेल्या फोनांच्या यादीत पाहिलं, तर तिथेही म्हैसच.

पहिला नंबर लावला. "अक्का?"

"हां, अक्का शे. तू कोन बोली ऱ्हायनी?"

"मी जळगावहून बोलते. तुम्ही कोणत्या अक्का?"

"कोनती म्हंजे? मी अक्का शे ना!" आणि फोन ठेवला. रुसल्याच! दुसरा नंबर आमच्या बाजारातल्या भाजीवाल्या अक्कांचा निघाला, त्यांना वाटलं हळदीचं आमंत्रणच आहे. बाकीच्या बहुतेक शेतात, कुणी उचलेना. चिडून मी फोनवरचं सिंकच बंद केलं, तर उरलीसुरली म्हैसही गेली. यादी साफ कोरी. तोंडचं पाणी पळालं माझ्या. तशीच चपला घालून भाऊजींकडे गेले.

त्यांनी ऐकून घेतलं आणि वर मलाच सुनावलं. "चूक तुमचीच आहे, वहिनी. नाव, आडनाव घालून सेव्ह करायचं असतं. हे लग्न चुकलं ना, तर बघा, फोन मी घेतलाच म्हणून समजा."

"उठा," मी म्हटलं.

"काय?"

"खुर्चीवरून उठा. माझं खातं आहे, मी बघते."

कोपऱ्यातलं सेटिंगचं चक्र उघडलं. खाली खाली जाता जाता बदल मागे घ्यायची सोय सापडली: यादी एका आठवड्यापूर्वी होती तशी करा. केली. फोनवर सिंक पुन्हा सुरू केलं आणि जीव मुठीत धरून बघत बसले. आधी लिंब आला. मग खापर, शेळी, तुळस. आणि निळं दार! माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

भाऊजींचं मागून चालूच होतं, "आता तरी नावं घाला." मी वळले. "भाऊजी, मला एक फोन लावा बरं. इथेच, माझ्यासमोर."

हसले. मोबाइल घेतला, 'वहिनी' शोधलं, ऐटीत दाबलं, स्पीकरही लावला. माझा फोन माझ्या हातात गप्प.

"बोला ना भाऊजी!" तिकडून कुणा भलत्याच बाईंचा आवाज. भाऊजींच्या साहेबांच्या पत्नी. यांनी स्वतःच्या यादीवरही तेच बटण दाबलं होतं, आणि जगातल्या सगळ्या वहिनी एका रांगेत उभ्या केल्या होत्या. मला काय म्हणून सेव्ह केलं होतं, ते आता विचारायची गरज नव्हती. त्यांना घाम फुटला. "काही नाही वहिनी, सहज... तब्येत कशी आहे?"

मी तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरवरून माझं खातं काढून टाकलं, निळ्या दारावर बोट ठेवलं आणि जिना उतरता उतरता म्हटलं, "अक्का, हळद उद्यावर आली."

"येस ना माय," अक्का म्हणाल्या; येते म्हणजे येतेच. रुसलेल्या अक्कांना मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. चोपड्याची हळद झाली, मांडे झाले, पंगती उठल्या.

दोन दिवसांनी भाऊजी दारात. फोनचा विषय नाही, सीझनचा नाही. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, तेवढी माझीही यादी पहिल्यासारखी करून द्या ना."

"देते की," मी म्हटलं. "आधी सगळ्या वहिनींना त्यांची नावं विचारून या. सुरुवात माझ्यापासून करा."