पत्र्यावरचा पाला

सोनूबाईच्या खोलीला खिडकी नाही, दार एकच. गडहिंग्लजकडच्या त्या मोठ्या मळ्यात गड्यांच्या सहा खोल्या, वर पत्रा आणि चहूबाजूंनी माणूस बुडेल एवढा ऊस. गणपतीशी लगीन करून ती इथं आली. गणपती उसाला पाणी पाजताना साप चावून गेला, तरी खोली सुटली नाही. घरातलं कुणीतरी मळ्यात राबतंय तोवर खोली आपली, हा मालकाचा कायदा. आता पोरगा नागसेन राबतो आणि सून प्रीती नववा महिना घेऊन आत पडून असते.

पत्रा असला तापतो की आत जीव भाजून निघतो. म्हणून सगळे गडी करतात तेच सोनूबाईनं केलं, पत्र्यावर उसाचा वाळका पाला अंथरला. सुनेसाठी जरा जास्तच.

त्या दुपारी मुकादम सम्राट फटफटीवरनं आला. "आक्का, पलीकडचा उसाचा फड पेटवतोय. पाल्यातनं ऊस तोडायला टोळी तयार न्हाय."

"वारं कुनीकडचं हाय बघितलंस का?"

"वाऱ्याला काय तुझा पत्ता ठावं हाय व्हय?" तो हसत गेला.

आधी पोपटांचा थवा ओरडत उडाला. मग काहीच ओरडेना. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर काळी राख पडायला लागली. एक कण सोनूबाईच्या हातावर पडला आणि चटकाच बसला.

ती बॅरेलवरनं पत्र्यावर चढली आणि पाला ओढून खाली फेकत सुटली.

"आत्ती, काय करतायसा वर?" आतनं प्रीती.

"पडून ऱ्हा गप!"

पत्रा मोकळा झाला. तिनं खाली बघितलं. सगळा पाला दारात पडलेला. कमरेएवढा ढीग, वर एक ठिणगी तरंगत येत होती.

"प्रीते! भाईर ये! आत्ताच्या आत्ता ये!"

ढीग भक्कन पेटला. सोनूबाईनं वरनंच उडी टाकली. धुरातनं बांगड्यांचा हात दिसला, तो धरून ओढला आणि दोघी पाटाच्या पाण्यात पडल्या. प्रीती पोट धरून रडत होती. सोनूबाईचे पाय सोलपटले होते, ते तिला कळलंच नाही.

संध्याकाळी सम्राट आला. आता हसत नव्हता. "तुमची खोली तर जळाली. शेजारची मोकळी हाय, तिथं ऱ्हावा. उद्या अलीकडचा फड पेटवायचाय."

नागसेननं बायकोला उचलून आत नेलं. सोनूबाई उंबऱ्याशीच थांबली, वर बघत. त्या पत्र्यावरही हातभर पाला होता, आणि वारं अजून फडाकडनंच येत होतं.