शाईच्या दगडावर गंध

माझं अक्षर इतकं दिव्य आहे, की वाणसामानाची यादी मी लिहिली तर दुकानात उभं राहून बायकोला फोन करावा लागतो. आणि असा मी, इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात चिमुकल्या खोलीत, जुन्या चिनी पंडितांच्या टेबलावरच्या वस्तू मांडून बसलोय! ब्रश टेकवायला चिनी मातीचा छोटा डोंगर, ब्रश धुवायची वाटी, कागद उडू नये म्हणून पितळी वजन, आणि ज्यावर पाणी घालून शाईची कांडी उगाळायची असे काळे दगड, चांगले सहा. चांगला दगड म्हणे नुसत्या श्वासाने ओलसर होतो. मी कार बूट सेलमध्ये, लोकांनी गाडीच्या डिकीतून मांडलेल्या जुन्या सामानावर, वाकून वाकून फुंकर मारतो आणि माझा चष्माच ओला होतो. दिवसभर ऑफिसचा कोड तपासायचा आणि हाताने लिहायचं म्हणजे पार्सलवाल्याच्या स्क्रीनवर बोटाने सही करायची, एवढीच माझी लेखनसेवा. "पंडित, आधी डिशवॉशर रिकामा करा," असं बायको म्हणते ते उगाच नाही.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली, सहा महिन्यांसाठी. पुण्यात ती एकटी असते. फोनवर "मी मजेत आहे" असं इतक्यांदा म्हणते की मी संध्याकाळी पुन्हा फोन लावतो. तिला इथे करमावं, दर वर्षी तिने यावं, म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो. तरी पहिल्याच दिवशी घर दाखवताना बॉक्सरूमच्या दारात मी काय म्हणालो? "इथे फक्त हात लावू नकोस हं." वा रे स्वागत!

तिने देव आणले होते, चंदनाचं खोड आणलं होतं. सहाण मात्र जड म्हणून पुण्यातच राहिली होती. एका रविवारी किचनमध्ये गेलो, तर माझा सगळ्यात लाडका दगड सिंकमध्ये, आईच्या हातात घासणी, शेजारी चंदन.

"अगं आई! हात लावू नकोस म्हटलं होतं ना! जुनी शाई आहे ती, तिचीच तर किंमत असते!"

"मग घासायलाच हवी की," ती म्हणाली. मी तिच्या हातातून दगड हिसकावून घेतला. हो, हिसकावला.

त्यानंतर ती विचारायला लागली. "ही वाटी घेऊ का रे?" "खिडकी उघडली तर चालेल?" स्वतःच्या मुलाच्या घरात! तीन दिवस मी ते ऐकलं आणि माझी मला लाज वाटली. चौथ्या दिवशी ती बायकोला विचारत होती, "परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळतं का गं?"

मी बॉक्सरूममधून तोच दगड उचलला, देवांपुढे बसलो, पाणी घातलं आणि चंदन उगाळायला लागलो. शाई निघाली. गंध झालं काळंकुट्ट, आणि मी शहाणा ते बोटावर घेऊन गणपतीच्या कपाळाला लावणार, तेवढ्यात आई मागून ओरडली,

"अरे गाढवा, देवाला काजळ फासतोस? घासून घेता येत नाही? सरक तिकडे!"

तिने माझ्या हातातून दगड हिसकावला आणि मला न विचारता सिंककडे गेली.