कपाटातली शाल आणि कर्वेनगरचा माउस

संगणकाच्या पंख्यात धूळ साचते तसे ऑफिसात किस्से साचतात. धूळ मी ब्रशने काढायचो. किस्से काढायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते राहिले. सध्या मी येरवड्याच्या पुढे एका काचेच्या इमारतीत लोकांना घरबसल्या ऑफिसच्या संगणकाला जोडून देतो. पाच मिनिटांचं काम. कोणी आभार मानत नाही आणि कोणी भांडतही नाही. मग शनिवार पेठेतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस आठवतं, जिथे याच कामाला दोन महिने लागले होते.

अक्षरजुळणीचं ऑफिस. दिवाळी अंक, कथासंग्रह, संस्थांचे अहवाल. आम्ही चौघं. साहेब म्हणजे मालक. मंगलाताई पानं लावायच्या. दामले काका मुद्रितं तपासायचे. आणि मी, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलेला. आल्यागेल्याशी साहेब माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे अर्धे इंजिनिअर." आणि स्वतःच हसायचे. वडीलधाऱ्यांचे विनोद असेच असतात. ऐकणाऱ्याने हसावं अशी त्यांची अपेक्षाच नसते.

दामले काकांनी तो विषय एकदाच काढला.

"तिसऱ्या वर्षी सोडलंत?"

"हो."

"बरं केलंत. मी कित्येक कादंबऱ्या तिसऱ्या प्रकरणात सोडायला हव्या होत्या. पण मला शेवटपर्यंत वाचायचा पगार होता."

*

माणसं चार आणि संगणक एक. नवा घेता येत नव्हता, कारण आमचं जुनं मराठी सॉफ्टवेअर त्या एकाच यंत्रावर चालायचं. मागे बोटभर लांबीचा एक तुकडा खोचलेला होता, तो काढला की सॉफ्टवेअर बंद. ते बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

म्हणून ऑफिसात एक कायदा होता. खुर्चीवर ज्याची वस्तू, संगणक त्याचा. काकांची चष्म्याची डबी, मंगलाताईंचा रुमाल, साहेबांचं वर्तमानपत्र. काका चहाला खाली गेले आणि डबी खुर्चीवर असली, तर ते बसलेलेच आहेत असं समजायचं. प्रत्यक्ष साहेबसुद्धा ती डबी उचलत नसत.

भिंतीवर साहेबांनी पाटी लावली होती : "संगणक बंद करू नये. केल्यास पुन्हा चालू करण्याची जबाबदारी आपली. ती आपल्याला झेपणार नाही."

*

त्या वर्षी काकांचे गुडघे गेले. कर्वेनगरहून रिक्षाने यायचे, पण खालच्या पायरीवर पाच मिनिटं नुसते उभे राहायचे. दोन जिने चढून वर येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असायचा. प्रिंट घरी पाठवायचे म्हटलं तर जाण्यायेण्यात दोन दिवस मोडत, आणि दिवाळी अंकाला दोन दिवस कधीच नसतात.

एक दिवस कागद काढायला मी कपाट उघडलं, तर आत नवीकोरी शाल. पिशवीसकट.

"ही कोणाची?"

"दामल्यांची," साहेब म्हणाले. "छोटासा सत्कार करू. शाल, श्रीफळ. किती दिवस ओढायचं त्यांना?"

"त्यांना विचारलंत?"

"सत्कार काय विचारून करतात?"

आपल्याकडे माणसाला हाकलायचं असलं की आधी शाल पांघरतात. मी म्हटलं, ते घरून काम करू शकतील. ऑफिसचा संगणक त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर दिसेल, चालेल, सगळं होईल.

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आपला स्वतःचा हा दिवाळी अंक त्यांनी घरून पूर्ण केला, तर शाल राहील कपाटात. पण तुम्ही शिक्षण पूर्ण केलं नाहीत, हे काम तरी पूर्ण कराल ना?"

मला त्यांचा राग आला होता. अजून येतो. पण तो अंक मी माझ्या परीक्षेसारखा अंगावर घेतला. खऱ्या परीक्षा मी कधी तशा घेतल्या नव्हत्या.

*

जोडणी झाली. काकांच्या लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर आमचा पडदा उमटला. मी कायमचा पासवर्ड टाकून दिला, म्हणजे त्यांना हवं तेव्हा थेट आत येता येईल.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसचा लँडलाइन वाजला.

"दामले बोलतोय. आत येऊ का?"

"काका, विचारायचं नाही. पासवर्ड टाकायचा आणि यायचं."

"म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावर न सांगता जाऊन बसायचं? हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं की कॉलेज सोडल्यावर?"

त्यानंतर रोज दहाला फोन. "आत येऊ का?" मंगलाताई "या" म्हणायच्या, मग माउस हलायचा. एखाद्या दिवशी त्या म्हणायच्या, "पाच मिनिटं थांबा, केर काढायचाय." आणि कर्वेनगरमध्ये काका खरोखर पाच मिनिटं थांबायचे.

*

तिसऱ्या दिवसापासून संगणक मध्येच बंद पडायला लागला. रोज साडेअकराच्या सुमाराला. मी वायरी बदलल्या, पंखा बदलला. साहेब येताजाता कपाटाकडे बघायचे.

शेवटी मी सकाळपासून एका स्टुलावर ठाण मांडून बसलो. अकरा वाजता मंगलाताई उठल्या, खणातून घडी केलेला फुलाफुलांचा अभ्रा काढला आणि संगणकाला वरपासून खालपर्यंत घातला. धूळ बसू नये म्हणून तो त्यांनी स्वतः शिवला होता. आत बिचारं यंत्र तापून मरत होतं.

"ताई, हे काय करताय?"

"कोणी बसलं नव्हतं, म्हणून झाकला."

"काका बसलेत ना."

"कुठे?"

"कर्वेनगरला."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग तसं दिसायला नको का?"

तेव्हा मला हा मंगलाताईंचा हट्ट वाटला. माझं तिथेच चुकलं.

*

काकांना फोनवर बोलायला आवडायचं नाही. त्यांनी एक युक्ती काढली. काही सांगायचं असलं की कोरी फाइल उघडून त्यात टाइप करायचे. मंगलाताई इकडून त्याच फाइलमध्ये उत्तर द्यायच्या. एकच पान, दोन माणसं, मध्ये अख्खी नदी.

एकदा पडद्यावर अक्षरं उमटली : "संपादकीय वाचवत नाही. साहेबांनी स्वतः लिहिलंय का?"

मंगलाताईंनी लिहिलं : "हो. हळू लिहा."

"ऐकू थोडंच जातंय. साहेब गेले का?"

साहेब मंगलाताईंच्या मागेच उभे होते. ते वाकले, आणि एका बोटाने, एकेक कळ शोधत त्यांनी टाइप केलं : "नाही."

माउस दहा मिनिटं जागचा हलला नाही. मग हळूच ती फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी संपादकीय पुन्हा लिहून आणलं. आधीच्यापेक्षा बरं होतं, पण हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

*

अकराला मंगलाताई चहा करायच्या. चार कप. चौथा संगणकाशेजारी ठेवायच्या, काकांच्या जागी. इतक्या वर्षांची सवय, हात ऐकायचा नाही. तो मी प्यायचो. काका बिनसाखरेचा घ्यायचे, त्यामुळे मीही दोन महिने बिनसाखरेचा प्यायलो. अजून तसाच पितो.

*

अंक छपाईला जायला पाच दिवस उरले होते. शुक्रवार. काका सकाळपासून सर्वांत मोठ्या कथेवर होते, एका विदर्भातल्या लेखिकेच्या. दुपारी मंगलाताई पोस्टातून परत आल्या. पाहिलं तर खुर्ची मोकळी. ना डबी, ना रुमाल, ना वर्तमानपत्र. बसल्या. त्यांना जाहिरातींची पानं लावायची होती.

माउस त्यांनी डावीकडे ओढला, काकांनी उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. यंत्र बिघडलं असं ताईंना वाटलं, तसंच काकांनाही वाटलं. ताईंनी फाइल बंद केली. "बदल जतन करायचे का?" असं पडद्यावर आलं, तर त्या म्हणाल्या, "मी कुठे काय बदललंय?" आणि "नाही"वर बोट ठेवलं.

काकांचं दिवसभराचं काम गेलं.

फोन वाजला. मी उचलला. काका इतकंच म्हणाले, "मी आत होतो हो."

साहेबांनी कपाट उघडलं. पिशवीतून शाल काढली, झटकली, टेबलावर ठेवली. "सोमवारी बोलावून घ्या त्यांना. नारळ येताना मी आणतो."

त्या दिवशी मी बरंच बोललो. आयुष्यभर तुमच्या चुका वाचून काढल्या त्या माणसाने, आणि तुम्ही त्याला एका शालीत गुंडाळताय. तुमच्या पिढीला माणूस ठेवता येत नाही, फक्त त्याचा सत्कार करता येतो. मंगलाताई रडत होत्या. साहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झालं? दार लावून घ्या जाताना."

काकांना मी फोन केला नाही. काय सांगणार होतो? सोमवारी या, जिने चढून, शाल घ्यायला?

*

सोमवारी मी दहाला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. नोकरी गेली हे धरूनच आलो होतो. कपाट सताड उघडं. टेबलावर शाल नव्हती. नारळ कुठे दिसतोय का ते आधी पाहिलं.

साहेब कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. दहा वाजता फोन वाजला. साहेब फोन कधीच उचलत नसत. त्या दिवशी हात लांब करून त्यांनी उचलला, पलीकडचं ऐकलं, "या," म्हणाले आणि ठेवला.

पडद्यावर माउस हलला. विदर्भातल्या लेखिकेची कथा उघडली, पहिल्या पानापासून.

मंगलाताई आत आल्या, पर्स अडकवली आणि सवयीने संगणकाकडे वळल्या. खुर्चीवर नवीकोरी शाल होती, चौपदरी घडी घातलेली. त्यांनी ती उचलायला हात पुढे केला.

साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"मंगलाताई, दामले बसलेत तिथे."